पहिली फेरी

आजोबांचं सगळं आयुष्य वर आणि खाली जाण्यात गेलं. ते लिफ्टचे मेकॅनिक होते. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींमध्ये लिफ्टच्या टपावर उभं राहून त्यांनी दोर तपासले, ब्रेक आवळले, दाराच्या खाचेत अडकलेली नाणी, चाव्या आणि एकदा तर कुणाची तरी कवळी काढून दिली. कामावरचे लोक त्यांना 'वरखाली' म्हणायचे. ते नाव त्यांना आवडायचंही, कारण नाव ठेवायचंच तर निदान कामावरून ठेवलं होतं, पोटावरून नाही. पोट तेव्हाही नाव ठेवण्याजोगं होतं.

माणसांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. जो माणूस लिफ्टचं बटण एकदाच दाबून गप्प उभा राहतो तो शहाणा, बाकी सगळे आनंदी आनंद, असा त्यांचा हिशेब. बटण चार वेळा दाबलं की लिफ्ट घाबरून लवकर येते असं समजणाऱ्यांना ते मतदानाचा हक्कही द्यायला तयार नव्हते.

उमेदवारीच्या काळात त्यांच्या उस्तादाने त्यांना एक नियम घालून दिला होता. दुरुस्ती झाली की पहिली फेरी मेकॅनिकने स्वतः मारायची. पहिल्यांदा ही पाळी आली तेव्हा आजोबांनी अगदी साळसूद चेहऱ्याने सुचवलं, "आधी सिमेंटची पोती ठेवून बघू या का?" उस्ताद म्हणाला, "पोत्यांना काय कळतंय? तू बस." ते बसले. दार बंद झालं आणि वर पोहोचेपर्यंत त्यांनी लहानपणी पाठ झालेली प्रार्थना मोठ्याने म्हटली. लिफ्ट सुखरूप पोहोचली. ती दुरुस्तीमुळे पोहोचली की प्रार्थनेमुळे, या भानगडीत ते कधी पडले नाहीत. पुढे नोकरी संपेपर्यंत दोन्ही चालू ठेवलं.

ती प्रार्थना त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवली होती. शिकवली म्हणजे काय, हातात लाकडी पट्टी घेऊन समोर उभं केलं आणि वदवून घेतली. पुटपुटलं की पट्टी, अडखळलं की पट्टी. आवाज मोठा आणि स्पष्ट हवा, कारण वडिलांच्या मते देवाला पुटपुटणं ऐकू यायचं नाही. आणि तोंडातली प्रार्थना थांबली की देव धरलेला हात सोडतो, हेही वडिलांनीच सांगून ठेवलं होतं. मुलगा घाबरला म्हणजे शिकला, असा तो काळ. आजोबा घाबरले आणि शिकले.

आता ते थकले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते मुलाकडे नवव्या मजल्यावर राहत होते. मुलगा चष्म्याच्या दुकानात होता, गिऱ्हाइकांच्या नाकांची मापं घ्यायचा आणि घरात भांडण निघालं की चष्मा काढून पुसत बसायचा, म्हणजे त्याला काही दिसायला नको. सून सार्वजनिक तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. रांगतं मूलही तिच्या हाती दिलं तर चार दिवसांत बदकासारखं पाय मारायला लागायचं. आणि घरात होती नात, सहा वर्षांची, गोल गोल डोळ्यांची. तिला सगळे गोटी म्हणायचे.

गोटीला देवधर्म शिकवायचा नाही, हे मुलाने आणि सुनेने ती जन्माला यायच्या आधीच ठरवलं होतं. मोठी झाली की तिचं ती ठरवेल. मुलगा मुळात ठरवणाऱ्यांपैकी नव्हताच. ठरवलं होतं सुनेने, त्याने चष्मा पुसला होता. आजोबांना हे अजिबात पटत नव्हतं. एकदा जेवताना त्यांनी विषय काढलाच.

"दात घासायचे की नाही हे विचारलं होतं का तिला? शाळेत जायचं का, हे विचारलं होतं?"

"दात आणि देव एक नाही, बाबा," सून म्हणाली.

"बरं, पोहणं घे. तू तर बोलता न येणारी पोरं पाण्यात उतरवतेस. ती काय अर्ज घेऊन येतात तुझ्याकडे? तूच म्हणतेस ना, लहानपणी शिकलं की भीती बसत नाही, मोठेपणी फार जड जातं? मग हेही तसंच."

सुनेला पटकन उत्तर सुचलं नाही. मुलाने चष्मा काढला. आजोबांनी विजयी मुद्रेने आणखी वाढून घेतलं, आणि तिला उत्तर सुचत नाही म्हणजे आपल्याला परवानगी मिळाली, असा सोयीचा अर्थ त्यांनी मनाशी काढला.

दुपारी गोटीला शाळेतून आणायचं काम त्यांच्याकडे होतं. दिवसातलं तेवढंच एक काम, पण त्यासाठी ते सकाळपासून तयार असायचे. इमारतीत शिरलं की लिफ्ट. लिफ्टचं दार बंद झालं की आजोबा प्रार्थना सुरू करायचे आणि गोटी मागून म्हणायची. गंमत म्हणजे तळमजल्यापासून नवव्या मजल्यापर्यंत ती प्रार्थना बरोबर पुरायची. शेवटचा शब्द आणि दार उघडणं एकदमच व्हायचं. गोटीला तो मोठा चमत्कार वाटायचा. मधेच कुणी लिफ्टमध्ये चढलं तर दोघं मूग गिळून उभी राहायची आणि पुन्हा खाली जाऊन पहिल्यापासून सुरू करायची.

"हळू म्हटलं तर चालेल?" गोटीने एकदा विचारलं.

"छे. मोठ्याने. स्पष्ट."

"आणि मनात?"

"मनातलं कुणाला ऐकू येतंय? तोंडाने म्हणायचं. तोंड बंद पडलं की तो हात सोडतो."

हे त्यांच्या तोंडून सहज निघालं. वडिलांचंच वाक्य होतं, इतकी वर्षं आत पडून राहिलेलं. गोटीने मान डोलावली, लिफ्टचं दार उघडलं आणि आजोबा ते विसरूनही गेले.

गोटी विसरली नाही. त्याच आठवड्यापासून तिने पाण्याखाली डोकं घालायचं बंद केलं.

जी पोरगी तलावाच्या तळातून रबरी कड्या वेचून आणायची, ती आता मान ताठ धरून, हनुवटी वर करून, पाण्यात अडकलेल्या मांजरीसारखी हात मारायला लागली. सून आधी हसली, मग समजूत काढू लागली, मग काळजीत पडली. कान तपासले, डोळे तपासले, शाळेत कुणी काही बोललं का तेही विचारलं. काठावर बसलेल्या आया एकमेकींना कोपर मारू लागल्या. "स्वतःच्याच पोरीला जमत नाही आणि आपल्या पोरांना शिकवतेय." सुनेला ते ऐकू येत होतं. त्याहून जास्त तिला गोटीच्या डोळ्यांतली भीती लागत होती, कारण भीती घालवणं हेच तिचं काम होतं आणि इथे ती कुठून आली हेच कळत नव्हतं.

शेवटी एका दुपारी गोटीने तलावावर आईला सांगून टाकलं. "पाण्याखाली तोंड बंद असतं ना. मग प्रार्थना म्हणता येत नाही. मग देव हात सोडतो. आजोबांनी सांगितलंय."

संध्याकाळी सून घरी आली ती ओल्या केसांनी, हातातली पिशवीही खाली न ठेवता थेट आजोबांसमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

"बाबा, माझी आई आजारी होती तेव्हा मी गोटीएवढी होते. आत्या रोज मला प्रार्थनेला बसवायची. एक दिवस मी खेळायला गेले आणि प्रार्थना राहून गेली. त्याच आठवड्यात आई गेली. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, पोरीने म्हटलं नाही म्हणून. मी किती वर्षं ते खरं मानलं असेल, सांगा बरं. अजूनही कधीकधी मानते."

मुलाने चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. नुसता हातात धरून बसला.

"मी तिला घाबरवायला नव्हतं सांगितलं," आजोबा म्हणाले.

"माहीत आहे. तुम्ही त्या दिवशी विचारलंत ना, मी पोरांना न विचारता पाण्यात का उतरवते? तेव्हा सुचलं नाही, आता सांगते. मी त्यांच्या आधी स्वतः पाण्यात उतरते. काठावर उभी राहून सांगत नाही." तिने पिशवी खाली ठेवली. "उद्यापासून गोटीला शाळेतून मी आणीन."

आजोबांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. रागही आला. आपण काय वाईट शिकवलं? देवाचं नावच ना? पण दुसऱ्या दिवशी दुपारी बूट घालायला वाकले आणि आठवलं की आता कुठे जायचं नाही. ते तसेच एक बूट हातात धरून बसून राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. नोकरी संपली त्या दिवशीही इतकं वाटलं नव्हतं.

गोटी आईबरोबर घरी आली आणि दप्तर टाकून त्यांच्या खोलीत आली.

"आजोबा, तुम्ही पाण्याखाली कधी गेलात?"

"मी? नाही बुवा."

"कध्धीच?"

"लिफ्टच्या खड्ड्यात एकदा पाणी साठलं होतं, अंधारात दिसलं नाही. गळ्यापर्यंत बुडालो. त्यानंतर मी बादलीपासूनही लांब असतो."

"पण डोकं नाही ना बुडालं?"

"डोकं नाही."

"मग तिथे हात सोडतो हे तुम्हाला कसं माहीत?"

तिने टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. पण आजोबांना एकदम उस्ताद समोर उभा दिसला, तेलकट हातांनी लिफ्टचं दार धरून, म्हणतोय, तू बस. आयुष्यभर त्यांनी तो नियम मोडला नव्हता. ज्या लिफ्टमध्ये आपण चढलो नाही तिच्यात कुठल्या परक्या माणसालाही चढवलं नव्हतं. आणि स्वतःच्या नातीला मात्र न तपासलेल्या लिफ्टमध्ये बसवून दार लावून टाकलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते स्वयंपाकघरात गेले. सून भांडी लावत होती.

"सूनबाई, मला पाण्यात घे."

"काय?"

"पोहायला शिकव. पाण्याखाली जाण्यापुरतं."

"कशाला, बाबा?"

"पहिली फेरी मारायची राहिलीये."

सुनेने हातातलं झाकण बाजूला ठेवलं. त्यांच्या कामातला तो नियम घरात सगळ्यांना ठाऊक होता. "सकाळचा वर्ग असतो मोठ्यांचा," ती म्हणाली. "वेळेवर यायचं."

पोहायची चड्डी मुलाची होती आणि मुलाचं पोट त्यांच्यापेक्षाही मोठ्या मापाचं होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी आजोबा एका हाताने कठडा आणि एका हाताने चड्डी धरून उतरले. सुनेसमोर उघड्या अंगाने उभं राहायचं या विचाराने त्यांना रात्रभर झोप नव्हती. पण तलावावर ती सून नव्हतीच. गळ्यात शिट्टी, आवाजात जरब. तिच्यासमोर सगळेच सारखे ओले आणि सारखे घाबरलेले. वर्गात एक निवृत्त मास्तर होते, एक बेकरीवाली बाई होती आणि सगळ्यांत जास्त घाबरणारे आजोबा होते. पहिले काही दिवस त्यांनी शिडीच सोडली नाही. शिवाय शिडीचा एक बोल्ट ढिला आहे, असं सांगून स्वतःच पाना आणून आवळला. घाबरलेल्या माणसाला हाताला काम लागतं, हे सुनेला माहीत होतं. तिने आवळू दिला.

मग तिने त्यांना पाठीवर झोपवलं, मानेखाली हात धरला. "मी न सांगता हात काढणार नाही," ती म्हणाली. "काही जण गुपचूप काढतात, मूल आपोआप तरंगतं म्हणून. मी सांगून काढते. नको म्हणालात तर काढणार नाही."

"आम्हीपण ब्रेक सोडताना वरून ओरडून सांगायचो," आजोबा आभाळाकडे बघत म्हणाले. "खाली माणूस असायचा ना."

"मग काढू?"

"नको."

तिने काढला नाही. दुसऱ्या दिवशीही विचारलं, तिसऱ्या दिवशीही. कुठल्याशा एका सकाळी आजोबा म्हणाले, "काढ," आणि तरंगले. बेकरीवाल्या बाईने टाळ्या वाजवल्या. आजोबा त्या दिवशी घरी येताना लिफ्टऐवजी जिन्याने यायला निघाले होते, इतका जोर आला होता अंगात. दुसऱ्या मजल्यावर तो संपला.

डोकं पाण्याखाली घालणं मात्र काही केल्या जमेना. नाक बुडलं की त्यांच्या तोंडातून आपोआप प्रार्थना सुरू व्हायची, तोंडात पाणी जायचं आणि ते ठसकत वर यायचे. सून एकदाही हसली नाही. "मनात म्हणून बघा," एवढंच म्हणाली. देवाधर्माच्या बाबतीत तिने दिलेला तो पहिलाच सल्ला होता.

शेवटी त्यांनी दिवस स्वतःच निवडला. मुलांच्या वर्गाचा. गोटी तोंड बारीक करून इतर पोरांबरोबर काठावर पाय सोडून बसली होती, मागे त्या कोपर मारणाऱ्या आया होत्या. आजोबा शिडीने उतरले, गोटीसमोर छातीभर पाण्यात उभे राहिले. सुनेने एक लाल कडी पाण्यात टाकली. ती डुलत डुलत तळाशी जाऊन बसली.

"आजोबा, नका जाऊ," गोटी म्हणाली.

"बघून येतो," आजोबा म्हणाले. त्यांनी श्वास भरला, तोंड घट्ट मिटलं आणि खाली बसले.

आत निळं होतं आणि आवाज होता. लांबून मोटार चालावी तसा घुमणारा, लिफ्टच्या वरच्या यंत्राच्या खोलीत यायचा तसा. त्याच्यात त्यांच्या छातीचे ठोके. त्यांनी मनात प्रार्थना सुरू केली. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि पुढची आठवेना. इतकी वर्षं रोज म्हटलेली, पट्टीच्या धाकाने हाडात गेलेली प्रार्थना साफ गेली. तोंड बंद, मनही बंद. आता, त्यांना वाटलं. आता सुटणार. ते थांबले. काहीच सुटलं नाही. पाणी त्यांच्या चहूबाजूंनी तसंच होतं, पाय तळाला टेकलेले होते आणि कडी हाताच्या अंतरावर दिसत होती. त्यांनी ती उचलली.

ते वर आले तेव्हा नाकातोंडातून पाणी गळत होतं, पण हात उंच होता आणि हातात लाल कडी होती.

"सोडला का?" गोटीने विचारलं.

सून काठावरून बघत होती. म्हातारा आता सांगणार, देवाने धरलं होतं मला, असं तिला वाटलं. सांगायला सोपं होतं आणि पोरीनेही लगेच मानलं असतं.

"नाही सोडला," आजोबा म्हणाले. "तोंड बंद होतं. शिवाय मधेच प्रार्थना विसरलो. तरी काही झालं नाही."

"मग मनातलं ऐकू गेलं त्याला?"

"ते मला माहीत नाही, गोटे. खरंच माहीत नाही. मी तुला जे सांगितलं होतं ते चूक होतं. मलाही लहानपणी कुणीतरी तसंच सांगितलं होतं, मी न बघताच तुला दिलं."

गोटीने त्यांच्याकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं. मग पुढे काही न विचारता काठावरून सरळ पाण्यात सूर मारला. सुनेने उरलेल्या कड्या भराभर टाकल्या. गोटी तळाशी गेली, पिवळी उचलली, हिरवी उचलली, निळी दंडात अडकवली, आणि इतका वेळ खालीच राहिली की मागच्या आया उठून उभ्या राहिल्या. सून मात्र घाबरली नाही. वर आली तेव्हा गोटीच्या दोन्ही हातांत कड्या होत्या आणि चेहराभर हसू होतं.

"खाली काय म्हणालीस?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही. मी पोहत होते."

आजोबा इतके हसले की त्यांना पुन्हा ठसका लागला. बेकरीवाली बाई त्या दिवशी मुद्दाम बघायला आली होती. तिने सगळ्या पोरांना आपल्याकडची बिस्किटं वाटली आणि आजोबांना दोन दिली. सून पाण्यात उतरली, आजोबांच्या हातातली लाल कडी घेऊन तिने ती त्यांच्याच डोक्यावर मुकुटासारखी ठेवली. कडी लहान होती आणि डोकं मोठं, पण आजोबांनी ती पडू दिली नाही. आयुष्यात इतक्या इमारतींच्या माथ्यावर ते उभे राहिले होते, पण त्या छातीभर पाण्यात त्यांना जेवढं उंच वाटलं तेवढं तिथे कधी वाटलं नव्हतं.

तिघं घरी निघाली. लिफ्टमध्ये शिरली. सुनेने नऊचं बटण दाबलं, एकदाच, आणि गप्प उभी राहिली. दार बंद झालं. गोटीने सवयीने आजोबांकडे पाहिलं, मग चोरून आईकडे पाहिलं. आजोबा बुटांकडे बघत होते.

"म्हणा ना," सून म्हणाली. "मजला निघून जाईल."

आजोबांनी मान वर केली. सून दाराकडे बघत होती. गोटीने सुरुवात केली, मोठ्याने नाही, हळूसुद्धा नाही, नेहमी बोलते तशा आवाजात. आजोबा मागून म्हणू लागले. खाली पाण्यात विसरलेली ओळ गोटीला आठवत होती, तिने ती त्यांना पुरवली. सून ऐकत होती. सहाव्या मजल्याच्या आसपास तिचे ओठ किंचित हलले आणि थांबले. लहानपणची तिची प्रार्थना वेगळी होती, आणि ती तिने आई गेल्यापासून म्हटली नव्हती.

गोटीने ते पाहिलं. ती मधेच थांबली आणि तिने आईचा हात धरला.

"आई, तुला नसेल म्हणायचं तर राहू दे. काही होत नाही. आजोबा बघून आलेत."

नववा मजला आला. दार उघडलं. प्रार्थना अर्धीच राहिली होती. सून जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. दार पुन्हा मिटायला लागलं, तेव्हा आजोबांनी पाय पुढे करून ते अडवलं, आणि ती बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.